प्रश्न आधी तपासावा

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ज्ञानमीमांसेवर, म्हणजे एखादी गोष्ट ज्ञात आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्या आधारावर मिळतो याची चिकित्सा करणाऱ्या शाखेवर, निबंध लिहायला सांगितला की तो बहुधा ‘ज्ञान म्हणजे काय’ किंवा ‘सत्य सापेक्ष असते का’ असा विषय निवडतो. हे प्रश्न चुकीचे नसले तरी इतके पसरट असतात की पाठ्यपुस्तकातील व्याख्या एकापाठोपाठ एक उतरवण्यापलीकडे निबंध जात नाही आणि निष्कर्षात ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असे लिहून विद्यार्थी मोकळा होतो.

न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने सांगितलेला निकष येथे अजूनही उपयोगी पडतो. जी गोष्ट मुळीच ठाऊक नाही किंवा जिचा निर्णय होऊन चुकला आहे तिच्याविषयी न्यायाची, म्हणजे प्रमाणांच्या आधारे करायच्या परीक्षणाची, प्रवृत्ती होत नाही. ती संशयित गोष्टीविषयीच होते. न्यायदर्शनाने सोळा पदार्थांत गणलेला हा संशय म्हणजे मनाचा गोंधळ नव्हे, तर एकाच विषयाबाबत परस्परविरोधी दोन कोटी समोर असणे आणि दोहोंना काही ना काही आधार असणे होय. चौकशीचा प्रश्न याच अर्थाने संशयातून निघाला पाहिजे, आणि असा संशय शोधण्यासाठी बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या विद्यार्थ्याला ग्रीसपर्यंत जाण्याची गरज नाही.

पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते, तरीही तालुक्याची ओळख दुष्काळी अशीच आहे. ‘यंदा दुष्काळ आहे’ हे विधान येथे पारावरही केले जाते आणि तहसील कार्यालयातही, परंतु दोन्ही ठिकाणी त्याचे आधार वेगळे असतात. महसुली व्यवहारात दीर्घकाळ पैसेवारी हा आधार राहिला. निवडक शेतांतील पीककापणीवरून काढलेल्या उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून गावाचे पीक किती पैसे आले हे ठरवायचे, आणि ते ५० पैशांच्या आत असेल तर टंचाई मानायची, अशी ही रीत आहे. त्यातही आधी नजर पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. म्हणजे एकाच हंगामाविषयीचे ज्ञान दोनदा बदलू शकते, हे प्रशासनानेच गृहीत धरलेले आहे. (ज्ञानाच्या सुधारणीयतेवर पाने भरणाऱ्या ग्रंथांना इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडले असेल.) शिवाय ज्या प्रमाण उत्पन्नाशी तुलना करायची ते मागील वर्षांच्या सरासरीवरून काढले आणि त्या वर्षांत दुष्काळी वर्षेच अधिक असली, तर मोजपट्टीच आखूड होते आणि नवा दुष्काळ त्या प्रमाणात सौम्य दिसू लागतो.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पावसाची तूट, उपग्रहाने टिपलेला वनस्पतींचा हिरवेपणा, जमिनीतील ओलावा आणि भूजल असे निर्देशांक पुढे आले. न्यायाच्या परिभाषेत बोलायचे तर पिकाच्या प्रत्यक्षाशेजारी उपग्रहाच्या चित्रावरून केलेले अनुमान येऊन बसले, आणि शेतकऱ्याच्या सांगण्याला, म्हणजे शब्दप्रमाणाला, या व्यवस्थेत कोणते स्थान आहे हा प्रश्न उघडाच राहिला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा बीड जिल्ह्यातून वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई यांचा समावेश झाला, पाटोद्याचा नाही. पुढच्याच महिन्यात तालुक्याऐवजी महसूल मंडळ हे एकक धरून, सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस या कसोटीवर राज्यातील १०२१ मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य करण्यात आली.

या घटनाक्रमावर ‘२०२३ मध्ये पाटोद्यात दुष्काळ होता का’ असे विचारले तर तो माहितीचा प्रश्न होतो आणि त्याचे उत्तर शासननिर्णयात व पावसाच्या नोंदींत शोधता येते; ‘दुष्काळ ही केवळ मानवी कल्पना आहे का’ असे विचारले तर प्रश्न पुन्हा हवेत जातो. ‘पाहणीचे एकक बदलले की दुष्काळाविषयीचे ज्ञान बदलते, की केवळ शासनाचा निर्णय बदलतो?’ हा प्रश्न मात्र निबंध पेलू शकतो, कारण दोन्ही कोटींना आधार आहे, परस्परांविरुद्ध मांडता येईल असा पुरावा आहे आणि हाती आलेले उत्तर दुष्काळापुरते न राहता जनगणना किंवा रोगसर्वेक्षण यांनाही लावून पाहता येते.

याच जिल्ह्यातील दुसरा विषय अधिक नाजूक आहे. २०१९ मध्ये बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. आकडा अस्वस्थ करणारा असल्यामुळे विद्यार्थी थेट कारणाच्या निष्कर्षावर जातो. वस्तुतः ऊसतोडीला न जाणाऱ्या त्याच वयाच्या महिलांशी तुलना केल्याशिवाय हा आकडा कारणाविषयी किती सांगतो, आणि तशी तुलना होईपर्यंत कृती थांबवणे योग्य आहे का, येथे ज्ञानाचा प्रश्न नीतीच्या प्रश्नाला भिडतो.

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी म्हणूनच निबंधाआधी प्रश्न मागवावा, त्यासोबत ‘कोणता पुरावा मिळाला तर माझे उत्तर चुकीचे ठरेल’ याचे दोन ओळींचे टिपण घ्यावे, आणि ज्याला ते लिहिता येत नाही त्याचा प्रश्न गुण न देता परत करावा.