घरातल्या घरात चौकशी

1975 च्या मार्च महिन्यात आयर्लंडमधल्या डंडॉक शहरात तीन कॅथलिक धर्मगुरू एका 14 वर्षांच्या मुलाची चौकशी करायला बसले. ब्रेंडन स्मिथ या धर्मगुरूने आपल्यावर लैंगिक अत्याचार केले, असे त्या मुलाने सांगितले होते. वडील बरोबर आले होते, त्यांना दुसऱ्या खोलीत बसवले गेले. मुलाला एकट्याला प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली आणि शेवटी त्याला शपथ घ्यायला लावली, की या चौकशीविषयी तो बाहेर कोणाशीही बोलणार नाही. मुलाने स्मिथच्या तावडीत सापडलेल्या आणखी काही मुलांची नावे आणि पत्ते दिले होते. त्या मुलांच्या आईवडिलांना कोणी कळवले नाही. पोलिसांकडे जाण्याचा तर विचारही झाला नाही.

उत्तरे लिहून घेणारे तरुण धर्मगुरू होते शॉन ब्रेडी. चर्चच्या कायद्यात त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. त्यांनी आपला अहवाल बिशपांना दिला. बिशपांनी स्मिथच्या धार्मिक कामांवर बंधने घातली आणि पुढचे सगळे त्याच्या मठाच्या प्रमुखांवर सोडले. स्मिथचे अत्याचार चालूच राहिले, त्या यादीतल्या मुलांवरही. 1994 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या न्यायालयात त्याने गुन्हे कबूल केले. त्याच्या प्रत्यार्पणाला झालेल्या दिरंगाईवरून त्याच वर्षी डब्लिनमधले सरकार कोसळले. ब्रेडी पुढे आयर्लंडच्या चर्चमधल्या सर्वोच्च पदावर पोचले आणि 2007 मध्ये कार्डिनल झाले. 1975 ची ती बैठक उजेडात आल्यावर त्यांनी माफी मागितली. आपल्याकडे निर्णयाचा अधिकार नव्हता, आपण वरिष्ठांना कळवले, असे त्यांचे म्हणणे होते.

या हकिकतीतली एक गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. त्या खोलीतल्या धर्मगुरूंनी मुलावर विश्वास ठेवला होता. तो खोटे बोलतो आहे असे त्यांना वाटले नव्हते, हे ब्रेडी यांनी स्वतःच पुढे सांगितले. मुलांवर विश्वास ठेवला गेला नाही म्हणून अत्याचार चालू राहिले, असे आपण समजतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण इथे विश्वास होता, लेखी नोंद होती, नावे होती, पत्ते होते. ही सगळी माहिती एकाच दिशेने गेली: वर, वरिष्ठांकडे. बाहेर ती गेलीच नाही. ज्या संस्थेतल्या माणसावर आरोप आहे तिच्याच हाती तक्रार पहिल्यांदा पडली आणि तिथेच थांबली.

यामागे चर्चची एक जुनी विचारपद्धती आहे. चर्चच्या कायद्यात अल्पवयीन मुलावरचा अत्याचार हा दीर्घकाळ धर्मगुरूने ब्रह्मचर्याच्या बंधनाविरुद्ध केलेला अपराध म्हणून नोंदलेला होता. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये त्या संहितेतला दंडविषयक भाग बदलला, तेव्हा कुठे तो मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांमध्ये गेला. फरक केवळ अपराध कोणत्या प्रकरणात घातला याचा नाही. अपराध व्रताविरुद्ध असेल, तर प्रश्न उरतो तो धर्मगुरूचा: त्याचे पतन, त्याचा पश्चात्ताप, त्याचे पुनर्वसन, त्याची बदली. मूल त्या कारवाईत फक्त साक्षीदार ठरते. त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्यासाठी त्या रचनेत जागाच नव्हती. दया आणि क्षमा ही ख्रिस्ती धर्माची मोठी मूल्ये आहेत. ती इथे अत्याचार करणाऱ्याच्या वाट्याला आली, आणि मुलाच्या वाट्याला शपथ.

कळत नव्हते, काळ तसा होता, मानसशास्त्र तेव्हा प्रगत नव्हते, हे समर्थन अनेक देशांतल्या बिशपांनी केले आहे. ते टिकत नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या गिल्बर्ट गोते या धर्मगुरूचे प्रकरण गाजल्यानंतर 1985 मध्ये तिघांनी मिळून बिशपांसाठी एक सविस्तर अहवाल लिहिला. त्यातले एक होते वॉशिंग्टनमधल्या पोपच्या वकिलातीत काम करणारे धर्मगुरू टॉमस डॉयल, दुसरे गोतेचे वकील आणि तिसरे एक धर्मगुरू-मानसोपचारतज्ज्ञ. असे धर्मगुरू पुन्हा पुन्हा तेच करतात, त्यांना नुसते हलवून भागणार नाही, लपवाछपवी अंगाशी येईल आणि भरपाईचा बोजा दहा वर्षांत शंभर कोटी डॉलरवर जाऊ शकेल, हे सगळे त्यांनी लिहून दिले होते. बिशपांच्या परिषदेने तो अहवाल स्वीकारला नाही. डॉयल यांची वकिलातीतली जागा गेली. डब्लिनच्या महाधर्मप्रांताने तर 1987 मध्ये अशा दाव्यांच्या खर्चासाठी विमाच उतरवला. डब्लिनमधल्या तक्रारी चर्चने कशा हाताळल्या हे तपासणाऱ्या मर्फी आयोगाने 2009 मध्ये या विम्यावर बोट ठेवले. आपण अनुभवातून हळूहळू शिकत होतो, हा चर्चचा दावा आयोगाने त्यामुळेच फेटाळला. धोका ज्याला माहीत असतो तोच विमा उतरवतो. मुलांच्या संरक्षणाची व्यवस्था मात्र त्या वर्षी झाली नाही.

बॉस्टनची कथा आता बहुतेकांना ठाऊक आहे. 'बॉस्टन ग्लोब'ने 6 जानेवारी 2002 पासून ती छापली आणि 2015 च्या 'स्पॉटलाइट' चित्रपटामुळे ती आपल्याकडेही पोचली. जॉन गेगन या धर्मगुरूविरुद्ध 130 हून अधिक जणांनी तक्रारी केल्या होत्या. तीस-एक वर्षे तो एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात पाठवला जात होता. 1984 मध्ये त्याला आणखी एका ठिकाणी नेमले गेले, तेव्हा जॉन डार्सी या सहायक बिशपांनी कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पत्र लिहून धोका कळवला होता. म्हणजे आतल्या माणसांपैकीही काहींनी आवाज उठवला होता, पण तोही आतच राहिला. न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी कागदपत्रे खुली करण्याचा आदेश दिला नसता तर अशी पुष्कळ पत्रे कपाटातच राहिली असती. लॉ यांनी डिसेंबर 2002 मध्ये राजीनामा दिला. 2004 मध्ये त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या चर्चच्या चार सर्वांत मानाच्या मंदिरांपैकी एकाचे प्रमुखपद मिळाले. पीडितांना त्या नेमणुकीतून काय वाटले असेल, याचा विचार व्हॅटिकनमध्ये कोणी केला असेल असे दिसत नाही.

कपाट हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. चर्चच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर ठेवायचे असते आणि त्याची किल्ली फक्त बिशपांकडे असते. पेनसिल्वेनियाच्या ग्रँड ज्युरीने सहा धर्मप्रांतांमधली अशी दप्तरे तपासून ऑगस्ट 2018 मध्ये अहवाल दिला. त्यात 300 हून अधिक धर्मगुरू आणि हजारावर ओळख पटलेली मुले होती. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या बिशपांनी जवळजवळ एकच रीत वापरलेली ज्युरीला आढळली. बलात्काराला बलात्कार म्हणायचे नाही, 'अनुचित संपर्क' म्हणायचे. चौकशी प्रशिक्षण नसलेल्या सहकारी धर्मगुरूंकडे द्यायची. आरोपीला चर्चच्याच उपचारकेंद्रात पाठवायचे. तो का गेला हे लोकांना सांगायचे नाही, 'आजारपणाची रजा' म्हणायचे. त्याचा राहण्याजेवण्याचा खर्च चालू ठेवायचा. बोभाटा झालाच तर जिथे कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी त्याची बदली करायची. आणि पोलिसांना सांगायचे नाही. यातले एकेक पाऊल एखाद्या सज्जन प्रशासकाला समंजसपणाचे वाटू शकते, आणि म्हणूनच ही रीत इतकी टिकली. अहवाल आला तेव्हा बहुतेक गुन्ह्यांची कायदेशीर मुदत संपून गेली होती. इतक्या सगळ्यातून खटले उभे राहिले फक्त दोन.

मुदत संपते, कारण लहानपणी जे घडले ते सांगायला माणसाला अर्धे आयुष्य लागते. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने कॅथलिक संस्थांविरुद्धचे 1980 ते 2015 मधले 4,444 जणांचे दावे तपासले. अत्याचार आणि तक्रार यांमधले सरासरी अंतर 33 वर्षांचे निघाले. ज्या संस्थेला वाट पाहणे परवडते तिला हे अंतर सोयीचे असते.

दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. अमेरिकेत 1950 ते 2002 या काळातल्या सुमारे चार टक्के धर्मगुरूंवर आरोप झाले, असे जॉन जे कॉलेजच्या 2004 च्या अभ्यासात आढळले. म्हणजे बहुसंख्य धर्मगुरूंवर असा कोणताही आरोप नव्हता. आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असेही नाही. ऑस्ट्रेलियाचे कार्डिनल जॉर्ज पेल यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, ते तुरुंगात गेले आणि 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने त्यांना निर्दोष सोडले. काही जण हे उदाहरण देऊन म्हणतात, की बाहेरच्या यंत्रणेच्या हाती दिले की असा अन्याय होतो. मला त्यातून उलट दिसते. पेल यांना निर्दोषत्व मिळाले ते उघड न्यायालयात, पुरावे तपासून, कारणे लिहून. बंद खोलीतल्या चौकशीने कोणी निर्दोष ठरला तरी लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि दोषी ठरला तर कोणाला कळत नाही. निरपराध धर्मगुरूलाही संरक्षण मिळते ते स्वतंत्र तपासातूनच.

चर्चने बदल केले आहेत आणि ते खरे आहेत. अमेरिकेच्या बिशपांनी 2002 मध्ये डलास इथे कडक नियम केले, पण त्यातून स्वतःला वगळले. चिलीतल्या बिशप बारोस यांच्यावरचे, एका धर्मगुरूचे अत्याचार दडवल्याचे आरोप जानेवारी 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बदनामी म्हणून झटकले, मग आपले चुकले हे मान्य केले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिलीच्या बिशपांनी सामूहिक राजीनामे पुढे केले. 2019 मध्ये व्हॅटिकनने तक्रार चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि अशा प्रकरणांवरचे 'पोपचे गुपित' हे गोपनीयतेचे कवच काढून टाकले. तरीही जगभर लागू होईल असा, पोलिसांकडे गेलेच पाहिजे हे सांगणारा नियम चर्चच्या कायद्यात आजही नाही. ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे. कायदा दुबळा असलेल्या देशात तक्रारीचा प्रवास पुन्हा बिशपांच्या दारापाशीच संपू शकतो.

आपल्या देशाचा कायदा दुबळा नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळते त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचे असते. पद, पोशाख किंवा धर्म पाहून कोणाला सूट नाही. कलम 21 नुसार न कळवणारा शिक्षेस पात्र ठरतो, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले, की माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे. त्या मुलींवर उपचार करूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा, उच्च न्यायालयाने रद्द केलेला गुन्हा त्याने पुन्हा जिवंत केला.

तरी कायदा असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर आहे. केरळमधल्या कोट्टियूरच्या प्रकरणात एका धर्मगुरूमुळे अल्पवयीन मुलगी गरोदर राहिली, चर्चशी संबंधित रुग्णालयात बाळंत झाली, आणि सुरुवातीला दोष स्वतःच्या माथी घेतला तो तिच्या वडिलांनी. शेजारच्या वायनाड जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे अध्यक्षही तेव्हा एक धर्मगुरूच होते. राज्य सरकारला त्यांना पदावरून दूर करावे लागले. धर्मगुरूला 2019 मध्ये शिक्षा झाली. इतर सहआरोपींवरचे आरोप मात्र टिकले नाहीत.

मुंबईतही 2015 मध्ये 13 वर्षांच्या एका मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. विशेष न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये त्याला जन्मठेप दिली. चर्चने आपल्याला वेळेवर आधार दिला नाही, असे कुटुंबाने बीबीसीला सांगितले. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनीही, आपल्याकडे आलेल्या तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या, हे मान्य केले. बीबीसीची ही बातमी आली फेब्रुवारी 2019 मध्ये, व्हॅटिकनमध्ये बालसंरक्षणाची जागतिक परिषद भरत होती त्याच दिवसांत. त्या परिषदेच्या चार संयोजकांपैकी एक कार्डिनल ग्रेशियसच होते.

वसई, मुंबई, गोव्यातले कॅथलिक कुटुंब फादरांना घरातले वडीलधारे मानते. मुलाने काही सांगितले तर आईची पावले आधी चर्चकडे वळणे साहजिक आहे. हाच विश्वास आश्रमात, मदरशात, संस्थाचालक आणि प्रशिक्षक यांच्यावरही ठेवला जातो, आणि तिथेही 'आपण आपल्यातच बघून घेऊ' असे सांगणारा कोणीतरी भेटतो. त्याचा हेतू चांगला असेल. डंडॉकच्या खोलीतल्या धर्मगुरूंचाही वाईट नव्हता.

तेव्हा एवढेच करा. मुलाने सांगितले तर फादर, महाराज, मौलवी, मुख्याध्यापक, विश्वस्त यांच्यापैकी कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नका. आधी पोलीस ठाण्यात जा, किंवा 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. संस्थेला नंतर कळवता येते.