कॉम्प्युटरचा सौदा: आधी काम, मग दाम



कापसाचे किंवा उसाचे पैसे हाती आले की घरात मागण्यांची रांग लागते. विहिरीवरची मोटर बदलायची असते, घराचा गिलावा राहिलेला असतो, लेकीचे लग्न डोळ्यांपुढे असते. हल्ली या रांगेत एक नवी मागणी येऊन उभी राहते. बारावी झालेला मुलगा किंवा कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, ‘‘आबा, मला कॉम्प्युटर घ्या. गेमही खेळता येतील आणि लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करून चार पैसेही मिळवता येतील.’’ आबा किंमत विचारतात. आकडा निघतो एका चांगल्या दुभत्या म्हशीएवढा! मग एक तर ‘नाही’ म्हणून विषय संपतो आणि पोर रुसते, नाही तर दुकानदार देईल ते खोके घरी येते आणि सहा महिन्यांत कुरकुरू लागते.

हे दोन्ही टाळता येते. बैल घेताना आपण नुसता रंग बघत नाही. दात मोजतो, खूर बघतो, चालवून बघतो. कॉम्प्युटरचेही दात मोजता येतात. त्यासाठी इंग्रजी शिकलेले असावे लागत नाही. काय विचारायचे ते माहीत असावे लागते.

आधी गेमविषयी दोन शब्द. ‘गेम’ म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, कारण मोबाईलवर रमीत पैसे घालवलेली माणसे त्यांनी पाहिलेली असतात. तो प्रकार वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. शर्यतीचे, क्रिकेटचे, लढाईचे खेळ म्हणजे जुगार नव्हे. त्यांत खर्च होतो तो मुख्यतः वेळ आणि वीज. किती वेळ खेळायचे ते घरात बसून आधीच ठरवावे. काही खेळ आतल्या आत वस्तू विकत घ्यायला लावतात, म्हणून घराचे बँक खाते त्यांना जोडून ठेवू नये.

आता एडिटिंग. कॅमेऱ्याने घेतलेले तुकडे कापायचे, जोडायचे, रंग सारखे करायचे, गाणे चढवायचे आणि सलग फिल्म तयार करायची, याला एडिटिंग म्हणतात. या कामाला जागा किती लागते ते हिशेबाने पाहा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ‘फोर-के’ चित्रण करणारा कॅमेरा मिनिटाला ७५० एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी जागा खातो. एका लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास चालले, तर ३६० जीबी झाले. ५१२ जीबीच्या डिस्कवर विंडोज आणि दोन मोठे गेम भरले, तर उरलेल्या जागेत हे एक लग्नसुद्धा मावत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मुलाला विचारा: खेळ किती आणि काम किती? दोन्हींची भूक सारखी नसते. मोठ्या खेळाला ग्राफिक्स कार्ड लागते. एडिटिंगला प्रोसेसर, रॅम आणि डिस्क आधी लागते, कार्ड त्यानंतर. दोन्ही करायचे असेल तर पैसे सगळीकडे बेताने वाटावे लागतात. जोडीतला एक बैल दांडगा आणि एक मरतुकडा असला तर नांगर नीट चालत नाही, तसे हे आहे.

आता एकेक भाग पाहू.

प्रोसेसर हा कामाचा मुख्य गडी. इथे फसगत फार होते. ‘आय-सेव्हन आहे, सगळ्यात भारी’ असे सांगून जुने यंत्र स्वस्तात गळ्यात बांधतात. पण २०११ साली आलेल्या आय-सेव्हन २६०० ला २०२२ साली आलेला आय-थ्री १२१०० सहज मागे टाकतो. नावापुढचा आकडा वाचायला शिका. २६०० म्हणजे दुसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच यंत्रे विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालतात, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे ‘रिफर्बिश्ड’ यंत्र कितीही चकाचक दिसले तरी घेऊ नका. दोन्ही कामांसाठी अलीकडच्या पिढीचा, ६ कोअरचा प्रोसेसर सुरुवातीला पुरतो, मग तो इंटेलचा असो की एएमडीचा रायझन. इंटेलच्या आकड्याशेवटी ‘एफ’ अक्षर असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. कार्ड बिघडले की पडदा काळा. शिवाय इंटेलची ती आतली सोय व्हिडिओच्या कामात मदत करते. म्हणून एडिटिंगसाठी बिन-‘एफ’ घ्यावा.

रॅम म्हणजे खळे. खळे लहान असले की मळणी अडते, मग गडी कितीही असोत. १६ जीबीच्या खाली जाऊ नये. ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकाच पट्टीपेक्षा जोडी वेगाने चालते. मदरबोर्डवर चार खाचा असल्या तर पुढे पैसे आले की ३२ जीबी करता येते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय सौदा करू नका.

डिस्क म्हणजे कोठार. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दोनशे एमबी माल उचलते, तर एनव्हीएमई जातीची एसएसडी दोन-तीन हजार एमबी सहज उचलते. विंडोज, गेम आणि चालू काम एसएसडीवर ठेवावे. ती १ टीबीची असावी. झालेले काम साठवायला स्वस्त हार्ड डिस्क चालते. मात्र प्रत्येक चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. डिस्क मेली तर नवी मिळते. कुणाचे लग्न पुन्हा लावता येत नाही.

ग्राफिक्स कार्ड हे खेळाचे इंजिन. इथली दुसरी फसगत म्हणजे नुसते ‘४ जीबी ग्राफिक्स’ असे सांगणे. जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड ४ जीबीचे म्हणून विकले जाते. पण २०२१ सालच्या रायझन ५६००-जी या प्रोसेसरच्या पोटातली चित्राची सोयसुद्धा त्याहून सरस आहे. तेव्हा जीबी विचारण्याआधी कार्डाचे पूर्ण नाव आणि साल विचारा. मोठे खेळ आणि एडिटिंग दोन्हींसाठी ८ जीबीचे अलीकडचे कार्ड असावे. हलके खेळ असतील तर कार्ड वर्षभर लांबवले तरी चालते. तेवढे पैसे वाचतात.

लॅपटॉप की टेबलावरचा? मुलगी वसतिगृहात राहत असेल तर लॅपटॉपला इलाज नाही. पण घरी बसून काम करायचे असेल तर टेबलावरचाच घ्यावा. त्याचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, पुढे कार्ड मोठे करता येते, आणि तो थंड राहतो. लॅपटॉपमध्ये नाव तेच असले तरी ताकद कमी असू शकते. आरटीएक्स ४०६० हे कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीचे बसवलेले असते. नाव सारखे म्हणून काम सारखे होईल असे समजू नये.

आपल्याकडची खरी परीक्षा विजेची. शेतातली मोटर जळली की काय होते ते आपल्याला सांगायला नको. कॉम्प्युटरच्या पेटीतला पॉवर सप्लाय नामांकित, ५५० वॉटच्या आसपासचा आणि ‘८० प्लस’ शिक्का असलेला घ्यावा. पेटीबरोबर फुकट मिळणारा घेऊ नये. यूपीएस घेताना व्हीए नव्हे, वॉट विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. मोठे कार्ड असले तर तो पुरत नाही. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. यंत्र ३०० वॉट खात असेल आणि रोज सहा तास चालले, तर दिवसाला १.८ युनिट वीज लागेल, महिन्याला ५४. हेही हिशेबात धरा. कडब्याची, कापसाची धूळ आत शिरते, म्हणून यंत्र जमिनीवर ठेवू नका आणि दर दोन-तीन महिन्यांनी बंद करून साफ करा.

दोन्ही कामे करणाऱ्या घरासाठी शंभर रुपयांची वाटणी साधारण अशी करावी: कार्डाला ३०, प्रोसेसर आणि मदरबोर्डला २५, रॅम आणि डिस्कला २०, पडद्याला १२, पॉवर सप्लाय, पेटी आणि यूपीएसला १३. विंडोजचा परवाना वेगळा धरावा. रंगीबेरंगी दिवे लावलेल्या पेटीने फिल्म लवकर तयार होत नाही. ते पैसे रॅमला घाला.

सॉफ्टवेअर चोरीचे घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात आणि गिऱ्हाइकाचे चित्रण जाते. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याची फुकट आवृत्तीही अल्ट्रा एचडी, म्हणजे ३८४० बाय २१६० पर्यंतची फिल्म काढून देते. शॉटकट, केडेनलाइव्ह हीही फुकट आहेत. लग्नाच्या कामाला सुरुवातीला एवढे पुरे.

दुकानात जाताना तालुक्याचा भाव आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या मोठ्या बाजाराचा भाव दोन्ही विचारा. पण बिघाड झाल्यावर जायचे कुठे, हेही तोला. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. त्यावर इंटेल आणि एएमडी तीन वर्षांची हमी देतात. सुटा ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची ही हमी मिळत नाही. १८ टक्के जीएसटी लावलेले पक्के बिल घ्या आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून मागा. घरून पेन ड्राइव्हवर पाच मिनिटांचे चित्रण न्या. दुकानातच त्याची फिल्म करून बघा. बैल चालवून बघतो, तसेच हे.

आणि पैसे मोजण्याआधी पोराकडून दोन कामे करून घ्या. पहिले, आहे त्या मोबाईलवर गावच्या जत्रेची किंवा शाळेच्या संमेलनाची दहा मिनिटांची फिल्म त्याने जोडून दाखवावी. चिकाटी आहे की नाही ते तिथेच कळेल. दुसरे, आसपासच्या गावांत एडिटिंगला काय दर मिळतो आणि एका हंगामात किती लग्नांचे काम मिळेल, ते दोन-तीन फोटोग्राफरना विचारून त्याने वहीत लिहावे. यंत्राच्या किमतीला त्या दराने भागा. उत्तर एका-दोन हंगामांत बसत असेल तर निर्धास्त घ्या. चार हंगामांच्या पुढे जात असेल तर कार्डाशिवायचे साधे यंत्र घ्या आणि कमाईतून वाढवत न्या. यासाठी व्याजाने पैसे मात्र काढू नका.

वही लिहिताना आबांनी शेजारी बसावे. पोराला यंत्रातले कळते, आबांना व्यवहारातले. दोघांनी मिळून केलेला सौदा सहसा अंगावर येत नाही, आणि उद्या लग्नसराईत पोर रात्री जागून काम करू लागले, तर ते कशासाठी जागते आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते.