मोटारीविना घर, बसविना पास

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात 2018 पासून एक विलक्षण नियम लागू झाला. व्यापारी आणि मिश्र वापराच्या विभागांत, सार्वजनिक वाहतुकीच्या सान्निध्यात, अनेक सदनिकांची नवी इमारत बांधणाऱ्याने प्रत्येक सदनिकेमागे एक ठराविक रक्कम एकदाच द्यावयाची. ही रक्कम किती, तर ‘ट्रायमेट’ या तेथील सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या वार्षिक पासाच्या किमतीइतकी. आरंभी 1,100 डॉलर. त्यातून राहावयास येणाऱ्या माणसाला बस व रेल्वेचा पास, भाड्याच्या सायकलीची वर्गणी अशा सवलती मिळाव्यात आणि मोटारीवाचून हिंडण्याफिरण्याची सवय त्याला लागावी, हा या नियमाचा हेतू. मोटार हेच जेथे नागरिकत्वाचे लक्षण मानले गेले, त्या देशात हे घडावे याचे कौतुक कोणालाही वाटेल. परंतु कोणत्याही सवलतीचा विचार करताना ती कोणाला मिळते, तिचा भार कोण वाहतो आणि ती कशावर अवलंबून असते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

प्रथम या नियमामागील न्याय्य विचार मान्य केला पाहिजे. अमेरिकेतील बहुतेक शहरांनी विसाव्या शतकात असे कायदे केले की, घर बांधावयाचे तर त्यासोबत मोटार उभी करण्याची जागाही बांधलीच पाहिजे. ही जागा फुकट दिसते. प्रत्यक्षात तिचा खर्च घराच्या किमतीत अथवा भाड्यात मिसळलेला असतो. ज्याच्याकडे मोटार नाही तोही तो भरतो. आणि मोटार नसलेले लोक कोण? बहुधा वृद्ध, अपंग, विद्यार्थी आणि अल्प वेतनावर राबणारे. म्हणजे निर्धनाने सधनाच्या गाडीला निवारा पुरवावा, अशी ही उलटी करपद्धती झाली. डोनाल्ड शूप या अर्थशास्त्रज्ञाने 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या ग्रंथात या व्यवस्थेची सविस्तर चिकित्सा केली. पोर्टलंडचा नियम हा अन्याय अंशतः उलटवतो. नव्या रहिवाशाचीच निवड करण्यातही शहाणपण आहे. घर बदलताना माणसाचे रोजचे मार्ग बदलतात. जुनी सवय मोडलेली असते आणि नवी अजून जडलेली नसते. त्या वेळी हाती आलेला पास वापरला जाण्याचा संभव अधिक.

मात्र हे सारे सहजासहजी घडले नाही. पोर्टलंडमध्ये माउंट हूड महामार्गाची योजना शेकडो घरांवर नांगर फिरवणार होती. नागरिकांच्या विरोधामुळे 1974 मध्ये ती रद्द झाली, तिचा केंद्रीय निधी मोठ्या प्रमाणात सार्वजनिक वाहतुकीकडे वळवण्यात आला आणि 1986 मध्ये तेथील हलकी रेल्वे धावू लागली. पुढे वाहनतळाविना इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा आसपासच्या घरमालकांनीच ओरड केली; दारासमोरचा सार्वजनिक रस्ता त्यांना स्वतःच्या मोटारीचा हक्काचा गोठा वाटत होता. 2013 मध्ये नगरपरिषद नमली आणि 30 हून अधिक सदनिकांच्या इमारतींना वाहनतळाची सक्ती झाली. पुढे 2023 मध्ये शहराने वाहनतळाची सक्ती सर्वत्र काढून टाकली. सार्वजनिक जागेवरील खाजगी कब्जा सुटावयास किती काळ लागतो, याचा हा धडा आहे.

आता सवलत कोणाला मिळते ते पाहू. नव्या इमारतीतील सदनिका ज्याला परवडते, त्याला पासही मिळतो. शहराच्या पूर्व भागात, 82 व्या रस्त्यापलीकडे, जेथे मध्यवस्तीतील भाडेवाढीने लोटलेली अनेक कुटुंबे राहतात आणि कित्येक रस्त्यांना धड पदपथही नाहीत, तेथील जुन्या भाडेकरूला या नियमाने काहीच मिळत नाही. त्याने तर मोटारीवाचून कित्येक वर्षे काढली आहेत. त्याच्या या सक्तीच्या संयमाला पारितोषिक नाही. शहराला या दोषाची जाणीव झाली, हे नमूद केले पाहिजे. वाहनतळाच्या परवान्यांवरील अधिभारातून आणि शुल्कातून प्रवास सवलतींचा एक संच तयार करण्यात आला आणि पुढे तो अल्प उत्पन्नाच्या रहिवाशांनाही विनामूल्य देण्यात येऊ लागला. रस्त्याची जागा अडवणाऱ्याकडून घ्यावे आणि पायी वा बसने जाणाऱ्यास द्यावे, हे तत्त्व निःसंशय समाजहिताचे आहे.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. 2025 मध्ये ट्रायमेटने तुटीचे कारण देऊन सेवाकपात जाहीर केली. एकीकडे पास द्यावयाचा आणि दुसरीकडे बस कमी करावयाची, यातील विसंगती उघड आहे. पास हा केवळ हक्काचा कागद. हक्क बजावावयाचा तर थांब्यावर बस आली पाहिजे. बांधकाम करणारा रक्कम एकदाच देतो. चालकाचे वेतन, इंधन, दुरुस्ती यांचा खर्च रोजचा असतो. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी करण्याचा युक्तिवाद नेहमी केला जातो. पण फेऱ्या कमी झाल्या की ज्याला मोटार घेणे शक्य आहे तो मोटार घेतो, प्रवासी आणखी घटतात आणि पुढच्या कपातीला नवे समर्थन मिळते. थांब्यावर शेवटपर्यंत उभा राहतो तो रात्रपाळीचा सफाई कामगार. प्रवास ही ग्राहकाच्या आवडीनिवडीची बाब आहे, त्याला थोडे आमिष दाखवले की पुरे, या बाजारी समजुतीचे हे फळ होय.

मुंबईकरांना यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे प्रोत्साहन आहे, पण ते उलट दिशेचे. सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेस विनामूल्य देणाऱ्या विकासकाला वाढीव चटईक्षेत्र देण्याची तरतूद मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत करण्यात आली. जमिनीचे मोल मोटारीसाठी असे उधळले जात असता, बेस्टचे किमान भाडे मे 2025 मध्ये 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. एके काळी 4,000 हून अधिक बसगाड्या बाळगणाऱ्या या उपक्रमाचा स्वतःचा ताफा आटत गेला आणि त्याची जागा कंत्राटदारांच्या गाड्यांनी घेतली. मोटारवाल्याला चटईक्षेत्राचे अनुदान आणि बसच्या प्रवाशाला दुप्पट भाडे, असा हा हिशेब आहे.

म्हणून पोर्टलंडपासून घ्यावयाचे ते निवडून घेतले पाहिजे. वाहनतळाचा खर्च भाड्यापासून वेगळा करावा, ज्याला जागा हवी त्यानेच तिचे मोल द्यावे, आणि हा पैसा सार्वजनिक वाहतुकीकडे वळवावा, हे तेथील अनुभवाचे सार. मात्र तो वळवताना पहिला हक्क बसच्या फेऱ्यांचा आणि कायम नोकरीतील चालक-वाहकांचा असावा. पासाची सवलत त्यानंतर, आणि तीही नव्या इमारतीच्या पायरीपाशी न थांबणारी. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा होईल तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन आकडे शेजारी मांडावेत: मोटार उभी करण्यासाठी किती, आणि बस चालवण्यासाठी किती. शहर कोणासाठी चालवले जाते, याचे उत्तर त्या दोन आकड्यांतच मिळेल.