ती 'नाही' म्हणाली, त्यापुढची गोष्ट

भाऊबीज आटोपली की आपल्याकडे झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस येतात. भोंगा लावलेल्या गाड्या गावोगाव नाटकाचं आणि कलावंतांचं नाव पुकारत फिरू लागतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या तारखा भरलेल्या असतात. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, दिवसा बैलांचा शंकरपट होतो आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेशिवाय पडत नाही. लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला आलेले असतात. त्या दोन दिवसांत कितीतरी घरांत मुलगी दाखवणं, सोयरीक जुळवणं उरकून घेतात. मंडपात नायक-नायिकेचं प्रेम रंगतं आणि घराच्या ओसरीवर कोणाचं लग्न कोणाशी हे मोठी माणसं ठरवतात. सतरा वर्षांची पोरगी या दोन्ही ठिकाणी हजर असते. मंडपात ती टाळ्या वाजवते, ओसरीवर चहा देते. तिला स्वतःला काय वाटतं, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

या वयाच्या मुलामुलींना प्रेमाबद्दल सांगतं कोण? घरात विषय निघत नाही. शाळेत प्रजननाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सुटतो. राहतात त्या गोष्टी: नाटकातल्या, सिनेमातल्या, आणि अलीकडे मोबाइलवर भागाभागानं वाचायच्या प्रेमकथा. यंदाच्या संपादकीयात या गोष्टींवरच लिहायचं ठरवलं. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, जिवती भागांतून शिकायला आलेल्या मुली गडचिरोली-चंद्रपूरच्या वसतिगृहांत राहतात. काय वाचता म्हणून विचारलं की त्या आधी लाजतात, मग एकमेकींकडे बघतात, आणि मग एकजण मोबाइल पुढे करते.

2014 साली बंगळुरूत सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'सारख्या ॲपवर मराठी कथांचा मोठा साठा आहे. ज्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान नाही, तिथल्या मुली रात्री पांघरुणात मराठी वाचतात, याचा संपादक म्हणून मला आनंद आहे. लिहिणाऱ्यांत गृहिणी आहेत, विद्यार्थिनी आहेत, ज्यांना मासिकांनी कधी दार उघडलं नसतं अशा अनेकजणी आहेत. म्हणूनच त्यांच्या कथा मनापासून वाचायला हव्यात, आणि मनापासून वाचल्यावर जे खटकतं ते बोलायलाही हवं.

यातली एक ठरलेली गोष्ट अशी. नायक श्रीमंत, रागीट, तुटक बोलणारा. नायिका गरीब आणि सोशिक. लग्न एखाद्या कराराखातर किंवा सरळ जबरदस्तीनं झालेलं. सुरुवातीच्या भागांत तो तिचा अपमान करतो, मनगट पिरगाळतो, 'त्याच्याशी का बोललीस' म्हणून दरडावतो. वाचणारीच्या पोटात गोळा येतो. मग कधीतरी त्याचं दुःखी बालपण कळतं, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो, ती माफ करते आणि संसार सुखाचा होतो. त्याचा संशय ही काळजी ठरते, त्याची मालकी ही ओढ ठरते. तो बदलण्याची वाट बघत राहणं, हे तिचं काम. हे एकट्या मराठीतलं नाही. 2005 साली आलेल्या 'ट्वायलाइट' या इंग्रजी कादंबरीत नायक रात्री नायिकेच्या खोलीत शिरून, तिच्या नकळत, ती झोपलेली असताना तिला न्याहाळत बसतो. कोट्यवधी मुलींनी ते प्रेम म्हणून वाचलं. 'वॉटपॅड'वर 2013 साली भागाभागानं आलेल्या 'आफ्टर'चा नायकही तिला दुखावतो, परत येतो, पुन्हा दुखावतो.

मुलांच्या वाट्याला येणारी गोष्ट वेगळी, पण तिचा कणा तोच. पोरीनं पहिल्यांदा 'नाही' म्हटलं की गोष्ट सुरू होते. तो तिच्या वाटेवर उभा राहतो, एसटीत मागच्या सीटवर बसतो, हाताची नस कापून घेतो. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ती हसते. एकदा हसली की मागचं सगळं माफ, किंबहुना मागचं सगळं शौर्य. कॉलेजच्या रस्त्यावर हेच नाटक चालू असतं. मुलीनं अजून त्या मुलाकडे धड पाहिलेलंही नसतं आणि त्याचे मित्र तिला 'वहिनी' म्हणायला लागतात. तिनं काही ठरवायच्या आधी चौकानं तिचं नातं ठरवून टाकलेलं असतं. ती चिडली तर म्हणतात, 'लाजते आहे.' गप्प राहिली तरी 'लाजते आहे.' रस्ता बदलला तर तिला शिष्ट ठरवतात. ओसरीवरच्या मोठ्या माणसांनी जे केलं, तेच चौकातली पोरं करतात.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' एप्रिल 2016मध्ये आला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, कदाचित महाराष्ट्रात सगळीकडेच, त्याची गाणी मिरवणुकीपासून वरातीपर्यंत वाजली. त्यातली नायिका आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, स्वतःहून पुढे येते. मराठी पडद्यावर अशी मुलगी विरळाच. पण मला त्या सिनेमातला, दोघं पळून गेल्यानंतरचा हैदराबादचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तिथं नायक परशा संशय घेतो आणि आर्चीवर हात उचलतो. त्यात नायकाचा थाट नाही. ती उठते आणि निघून जाते. परत येते तीही स्वतः ठरवून. ज्या मुलासाठी तिनं घर सोडलं, तोही आपल्यातच वाढलेला संशय बरोबर घेऊनच आलेला असतो, हे मंजुळे यांनी जसं दाखवलं तसं शिकवायला शंभर व्याख्यानं पुरणार नाहीत. वरातीत नाचताना आपण तेवढाच भाग वगळला.

वगळण्याची किंमत मुली देतात. उल्हासनगरला 1990 साली दहावीच्या परीक्षा केंद्रात एका मुलीला जाळलं, तेव्हा सगळं राज्य हादरलं होतं. फेब्रुवारी 2020मध्ये आपल्या शेजारी, हिंगणघाटला, कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यावर पेटवलं. आठवडाभर झुंजून ती गेली. दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप झाली. हे कथांमुळे घडलं, असं मी म्हणणार नाही. असं म्हणणं खुनाची जबाबदारी हलकी करणं होईल. पण 'नाही' हा शब्द ज्याच्या कानाला कधी पूर्ण वाक्य वाटलाच नाही, असा मुलगा एका दिवसात तयार होत नाही. त्याला घडवणाऱ्यांत आपण सगळे आहोत, आणि गोष्टी लिहिणारे-छापणारेही आहेत.

प्रेमकथेच्या बाबतीत दिवाळी अंकांचा स्वतःचा इतिहास आहे. 'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' आली. काकोडकर तेव्हा प्रेमकथांचे अत्यंत खपणारे लेखक. कथा अश्लील आहे म्हणून खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली न्यायालयानं कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला. लेखकासाठी आणि मराठी नियतकालिकांसाठी तो निर्णय फार महत्त्वाचा होता. पण त्या काळापासून आजपर्यंत प्रेमकथेला आपण एकच प्रश्न विचारत आलो: यात अंग किती उघडं पडलं? त्या नात्यात दोघांचं म्हणणं ऐकलं गेलं का, हा प्रश्न कोणत्याही कोर्टानं नाही, पण निदान समीक्षकांनी आणि संपादकांनी तरी विचारायला हवा होता. अंगभर पदर घेतलेल्या नायिकेच्या कित्येक सोज्वळ कथांमध्ये तिच्या मनाविरुद्ध किती काय घडतं! ते वाचून कोणाचीच भुवई उंचावत नाही.

इथे एक भीती मला सारखी वाटते. हे संपादकीय वाचून एखादा बाप पोरीच्या हातचा मोबाइल काढून घेईल, 'बघ, अंकातही छापून आलं' म्हणेल. तसं करू नका, हात जोडून सांगते. आपल्याकडे मुलीनं प्रेमकथा वाचली एवढ्यावरून तिचं कॉलेज सुटल्याची आणि उन्हाळ्यात लग्न लावून दिल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतील. मोबाइल गेला की तिला प्रश्न विचारायची उरलीसुरली जागाही जाते. गोष्ट वाचायची बंद करू नका. गोष्टीबद्दल तिच्याशी बोला. तो तिचा हात पिरगाळतो तेव्हा तुला काय वाटलं, एवढं विचारलं तरी रात्रभर गप्पा चालतील.

कायद्याचं एक टोकही या कथांमध्ये कधी येत नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यानं शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय सोळावरून अठरा झालं. सतरा वर्षांची मुलगी आणि एकोणीस वर्षांचा मुलगा तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवर भेटतात, जीव जडतो, दोघं पळून जातात. बाप तक्रार देतो. मुलगा तुरुंगात, मुलगी बालगृहात. ती म्हणाली की मी माझ्या मनानं गेले, तरी कायद्याच्या लेखी त्याला अर्थ नसतो. दुसरीकडे 2013 सालापासून, मुलीनं स्पष्ट नाकारल्यावरही तिचा पाठलाग करणं, वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे. पडद्यावरचे निम्मे नायक त्यात अडकतील. या दोन कायद्यांच्या मधल्या जागेत आपली मुलं वाढताहेत आणि एकही लोकप्रिय गोष्ट त्यांना ही जागा दाखवत नाही.

या विषयांवर मोकळं बोलता येतं, हे आपल्याच गडचिरोली जिल्ह्यानं दाखवून दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यांपैकी फार थोड्यांची कधी तपासणी झाली होती. ते दुखणं जेवढं शरीराचं होतं तेवढंच न बोलण्याचं होतं. पुढे राणीताईंनी तरुणांसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली. शरीर, आकर्षण, प्रेम, लग्न, जोडीदार, सगळं मुलामुलींसमोर उघड, नावं घेऊन, न चिडवता. गडचिरोलीच्या जंगलात हे होऊ शकलं, तर गोष्टींमध्ये का होऊ नये?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' मराठीतली बहुधा सर्वांत लाडकी पौगंडकथा. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, जोशी आणि शिरोडकर. त्यातला हळवेपणा खरा आहे, म्हणून ती टिकली. पण सगळी गोष्ट जोशीच्या डोळ्यांनी दिसते. शिरोडकर गाव सोडून जाते आणि तिच्या मनातलं आपल्याला तिच्या तोंडून कधीच कळत नाही. ती बाजू कोणीतरी लिहायला हवी. याच बोकिलांनी पुढे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)वर 'गोष्ट मेंढा गावाची' लिहिली, हे मला फार जवळचं वाटतं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं, 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव निर्णय घेतं ते सर्वसहमतीनं. बहुमत झालं म्हणून पुढे जायचं नाही. एकाही माणसाचा, बाईचा, पोराचा आक्षेप असेल तर विषय थांबवायचा, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. नाही म्हणणाऱ्याला दमवून होकार काढायचा नाही. त्याचं 'नाही' कशातून आलं ते समजून घ्यायचं. बांबूच्या तोडीबद्दल जे गाव हा धीर धरतं, त्याच जिल्ह्यातल्या प्रेमकथेत मुलीच्या नकाराला तीन गाण्यांचाही धीर मिळत नाही.

मेंढ्याचं उदाहरण दिलं म्हणून आदिवासी समाज मोकळा आणि आपणच कोंडलेले, असं गोड चित्र मला काढायचं नाही. गोटुलविषयी बाहेरच्यांनी कित्येक वर्षं चवीनं जे लिहिलं त्यानं माडिया समाजाचा अपमानच झाला. गोटुल ही गावाच्या बैठकीची, नाचगाण्याची, पाहुण्यांच्या मुक्कामाची जागा. रेला नाचताना मुलामुलींनी हात धरले तर कोणी डोळे वटारत नाही, हे खरं. पण चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशा कुळगटांचे लग्नाचे नियम पाळावेच लागतात, आणि पाळीच्या दिवसांत मुलीला कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहावं लागतं, हेही खरं. तिथल्या मुलींनाही स्वतःची गोष्ट स्वतः सांगायची आहे.

या अंकातल्या कथा निवडताना एक कसोटी लावली: मुलगी नाही म्हणाली, तर पुढच्या पानावर त्या 'नाही'चं काय झालं? या एका प्रश्नापुढे चांगल्या भाषेतल्या काही कथा मागे पडल्या. त्यांच्या लेखकांना आम्ही कारण कळवलं. एका वसतिगृहातून वहीच्या पानांवर हातानं लिहिलेली झाडीबोलीतली कथा आली. तिच्यातली मुलगी म्हणते, 'मले अजून इच्यार कराचा हाये.' आणि मुलगा तिला विचार करू देतो. कथेत एवढंच घडतं. भाषा कच्ची आहे, शेवट घाईत उरकलेला आहे. आम्ही ती जशीच्या तशी छापली आहे.

पुढच्या वर्षासाठी एक मागणं आहे, आणि ते मुख्यतः मुलांकडे आणि झाडीपट्टीच्या नाटककारांकडे. नकार ऐकून घेतलेल्या मुलाची गोष्ट लिहा. त्या संध्याकाळी तो घरी कसा जातो, जेवतो की ताट सारतो, मित्रांना काय सांगतो, 'वहिनी' म्हणणाऱ्यांना गप्प करायला त्याला काय करावं लागतं, आईला कळतं का, दुसऱ्या दिवशी तीच मुलगी बसस्टँडवर दिसली तर तो कुठे उभा राहतो. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? पद्मश्री परशुराम खुणे यांच्यासारख्या कलावंतानं गाजवलेल्या रंगभूमीला हा प्रवेश सहज पेलेल. मराठीत, झाडीबोलीत, गोंडीत, माडियात, कशातही लिहा. वहीच्या पानांवर लिहून पाठवलं तरी चालेल. मार्चपर्यंत, शेवटच्या मंडईचा पडदा पडायच्या आत, कथा आमच्याकडे पोचाव्यात.