सर्पदंशाचे औषध आणि नफ्याचे गणित

आफ्रिकेत दरवर्षी सुमारे 4,35,000 ते 5,80,000 सर्पदंशांना औषधोपचाराची गरज पडते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हजारो माणसे दगावतात. कित्येक हातापायांना मुकतात. ही माणसे कोण? अनवाणी शेत कसणारा शेतकरी, गुरे राखणारा पोर, सरपण वेचणारी बाई. यांच्या खिशात पैसा नाही, म्हणून यांच्या औषधाला बाजारात किंमत नाही.

आफ्रिकेतील दहा विषारी सापांवर चालणारे 'फाव्ह-आफ्रिक' हे प्रतिविष (आपल्याकडे ज्याला सापाचे इंजेक्शन म्हणतात ते) फ्रान्समधील सानोफी कंपनीने 2014 मध्ये बनविणे थांबविले. स्वस्त मालाच्या स्पर्धेत ते परवडत नाही, असे तिचे म्हणणे होते. शेवटच्या साठ्याची मुदत जून 2016 मध्ये संपली.

या स्वस्त मालात आपल्या देशाचाही माल होता, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्या सापाच्या विषापासून प्रतिविष बनते, त्या सापावरच त्याची खरी मात्रा चालते. पश्चिम आफ्रिकेत सर्वाधिक बळी घेणारा साप कोकणातल्या फुरशाचा भाऊबंद असला, तरी त्याचे विष निराळे आहे. घानातील एका रुग्णालयात 2004 मध्ये जुन्या औषधाच्या जागी भारतीय बनावटीचे प्रतिविष आले, आणि दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण 1.8 टक्क्यांवरून 12.1 टक्क्यांवर गेले. इंजेक्शन घेऊनही शेजारी मेला, हे पाहिलेला माणूस पुढच्या वेळी मांत्रिकाची वाट धरतो. मग मागणी घटते, मागणी घटली की उत्पादन घटते, आणि उरलेल्या औषधाची किंमत आणखी चढते. आफ्रिकी जनतेच्या अडाणीपणावर प्रवचने झोडणाऱ्यांनी हा व्यवहार आधी तपासावा.

दुसरा मार्ग नाही, असे मात्र नाही. कोस्टा रिकासारख्या चिमुकल्या देशातील सार्वजनिक विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेने नायजेरियातील सापांचे विष घेऊन त्यांवर प्रतिविष बनविले, आणि नायजेरियातच रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत ते गुणकारी ठरले. केनियात किलिफी येथे युनिथायोल या तोंडावाटे घेण्याच्या औषधाची निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षितता-चाचणी झाली आहे. धातूंच्या विषबाधेवरचे हे जुने औषध सर्पदंशावरही उपयोगी ठरले, तर दवाखाना गाठण्यापूर्वी खेड्यातच पहिला उपचार होऊ शकेल.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले आणि 2030 पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचे 2019 मध्ये जाहीर केले. उद्दिष्ट उत्तम, पण औषध खरेदीचा पैसा नसेल, तर ते कागदावरच राहील. निर्यात होणारे प्रत्येक प्रतिविष ज्या देशात जायचे त्या देशातील सापांच्या विषावर तपासल्याखेरीज बंदराबाहेर जाता कामा नये, अशी सक्ती भारत सरकारने करावी, आणि आफ्रिकी देशांना स्वतःच्या सार्वजनिक प्रयोगशाळा उभारण्यास आपल्या शास्त्रज्ञांचे साहाय्य द्यावे. ही मागणी पक्षाने संसदेत लावून धरली पाहिजे.