वयोमानाप्रमाणे

मेंदूच्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘एज रिलेटेड’ असे दोन शब्द असतात. मंडळी, माझा त्या शब्दांवर राग आहे. आमच्या ह्यांच्या रिपोर्टात ते ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’च्या शेजारीच होते. भाचीने फोनवर ‘इस्केमिक’ ऐकलं आणि ती रडायलाच लागली. धाकटे भाऊजी म्हणाले, “वयोमानाप्रमाणे आहे वहिनी, काही नाही ते.” मला दोघांचंही पटलं नाही, भाऊजींचं तर मुळीच नाही.

समजून घ्यायला फार इंग्रजी लागत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू खातो २० टक्के! खोलवरच्या भागापर्यंत तो नेणाऱ्या रक्तवाहिन्या अगदी बारीक. वर्षानुवर्षं त्यांतून जास्त दाबाने रक्त वाहिलं की भिंती जाड आणि ताठ होतात. मग कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याचं जे होतं तेच मेंदूच्या आतल्या भागाचं होतं. एमआरआयच्या ‘फ्लेअर’ चित्रात तिथे पांढरे डाग दिसतात.

या डागांना ० ते ३ असे गुण देतात. फझेकास यांची ही पद्धत १९८७ सालची. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे एकमेकांना भिडू लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना थोडे ठिपके असतातच, तेव्हा १ पाहून रडू नये. ह्यांना २ आहेत. (परीक्षेत कमी गुण मिळाल्याचा आनंद व्हावा असा हा एकच विषय!)

माझं म्हणणं असं की केस पिकणं हे वयोमान. पण इथे वयाच्या जोडीला रक्तदाब, साखर, तंबाखू ही मंडळी असतात आणि ‘वयोमान’ म्हटलं की ती सगळी निर्दोष सुटतात. शिवाय चाल मंदावणं, उत्तर द्यायला वेळ लागणं, ठरवलेलं काम मध्येच अडणं हेही म्हातारपणात जमा होतं. ह्यांना भाजीवाल्याकडे सुट्टे मोजायला हल्ली वेळ लागतो. पूर्वी ह्यांचा हिशेब तोंडी असे.

अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ अभ्यासाचे मेंदूविषयीचे निष्कर्ष २०१९ साली आले. एका गटाचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली आणायचा, दुसऱ्याचा १४०च्या खाली, असा तो प्रयोग. सुमारे चार वर्षांत डाग दोन्ही गटांत वाढले, पण पहिल्यात कमी. स्मृतीच्या सौम्य तक्रारीही त्या गटात कमी आढळल्या. स्मृतिभ्रंश टळतो असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही, तेव्हा कोणी जादूची गोळी म्हणून सांगत असेल तर ऐकू नका. आणि आपल्या मनाने गोळी वाढवूही नका. दाब फार उतरला की चक्कर येते, आणि आपल्या वयात पडणं किती महागात जातं ते काय सांगायचं.

आम्हाला रिपोर्ट समजावायला डॉक्टरांनी दोन मिनिटं दिली. गर्दी होती, मान्य. पण ‘घरी रक्तदाब मोजा आणि लिहून आणा’ एवढं वाक्य दोन मिनिटांत बसतं. ते मलाच विचारून काढावं लागलं. आता सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, हात टेबलावर ठेवून मोजते. वहीतला कालचा वरचा आकडा १३८.

नात्यातल्या ज्यांचं यंत्र कपाटावर धूळ खात पडलंय, त्यांनी आधी त्यातले सेल बदलावेत. भाऊजी, तुम्हीसुद्धा.