वाट ठरवणारी भाषा तोकडीच बरी

संदेशांच्या वाटा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अटी लिहिण्यासाठी वेगळी एक्स्प्रेशन लँग्वेज हवीच कशाला, सगळे सरळ जावात लिहा, असे सांगणारे बरेच आहेत. त्यांचे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला आक्षेप वेगाचा. अपाचे कॅमल या अशाच सॉफ्टवेअरच्या ‘सिंपल’ भाषेतले नियम मंद चालतात म्हणे. पण संदेशाचा वेळ खातात ते बहुतेकदा नेटवर्क आणि डेटाबेस. ‘शहर पुणे आहे का’ एवढी तुलना नव्हे. तरीही घाई असेल, तर ३.७ आवृत्तीपासून हीच भाषा कंपाइल करून वापरण्याची सोय ‘सीसिंपल’ने केलेली आहे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. नियमात संदेशाच्या हेडरच्या नावात एक अक्षर चुकले, तर कॅमल हूं की चूं करत नाही. किंमत रिकामी मिळते, बरोबरीची अट खोटी ठरते आणि संदेश मुकाट्याने ‘अदरवाइज’च्या, म्हणजे कोणतीच अट न जुळल्यास घ्यायच्या वाटेला लागतो. पण जावातही हेडरचे नाव अवतरणचिन्हांत मजकूर म्हणूनच लिहितात. तिथला कंपायलर तरी ही चूक कुठे पकडतो? खरा उपाय वेगळा आहे. ‘अदरवाइज’ची वाट त्रुटींच्या रांगेकडे न्यावी आणि प्रत्येक फाट्याची चाचणी लिहावी.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. त्याला २०२२ चा दाखला आहे. स्प्रिंग क्लाउड फंक्शनमध्ये बाहेरून आलेल्या एचटीटीपी हेडरमधला मजकूर राउटिंगचा नियम म्हणून चालवला जाई. स्प्रिंगची ही ‘स्पेल’ एक्स्प्रेशन भाषा इतकी सशक्त, की हल्लेखोराला त्यातून सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता येत. पण दुरुस्ती कशी झाली ते पाहा. एक्स्प्रेशन हद्दपार झाले नाही. हेडरमधून येणाऱ्या एक्स्प्रेशनचे हातपाय तेवढे बांधले गेले. दोष परक्याला नियम लिहू देण्यात आणि त्याच्या हाती अमर्याद भाषा देण्यात होता.

म्हणून तोकडेपणा हा या भाषेचा गुण आहे. आशय पाहून वाट ठरवणारा राउटर वारंवार दुरुस्तीला येऊ शकतो, म्हणून तो सांभाळायला सोपा हवा, असे होपे आणि वुल्फ यांनी २००३ मधल्या ‘एंटरप्राइझ इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकातच बजावले आहे. ‘रक्कम पन्नास हजारांहून जास्त’ ही अट रूटमध्येच एका ओळीत दिसली, तर रात्री बिघाड शोधणाऱ्याला चार क्लास उघडावे लागत नाहीत. अट एका ओळीत मावेना, की ती खुशाल जावाच्या बीनमध्ये न्या आणि रूटमध्ये बीनचे नाव ठेवा. प्रश्न विचारायला एक्स्प्रेशन, हिशेब करायला जावा, एवढी शिस्त पाळली की भाषा हाकलून देण्याचे कारण उरत नाही.